कॉन्स्टॅन्शियाचा सातबारा : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

केपटाउनला मुलाकडे येऊन दहा दिवस झाले. एप्रिलच्या मध्यापर्यंत मुक्काम आहे. निवृत्त झाल्यापासून एक काम डोक्यात घोळत होतं, ते इथं राहून पुरं करायचं ठरवलं आहे. वसाहतीतल्या एका कुटुंबाची वंशावळ आणि त्याच्या जमिनीचा इतिहास एकाच तक्त्यावर मांडायचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून बाहेर पडले. माणसांची वंशावळ मी नेहमी जमिनीच्या बाजूनेच वाचत आले, कारण वारस नोंद करताना आधी सर्व्हे नंबर समोर येतो आणि मग माणसं येतात.

जमीन निवडली ग्रूट कॉन्स्टॅन्शियाची. टेबल माउंटनच्या मागच्या उतारावरचा हा द्राक्षमळा. सनद १६८५ ची, धारक सिमॉन फान डर स्टेल, तेव्हाचा इथला डच कमांडर. ही सनद निवडण्याचं खरं कारण मात्र सिमॉनची आजी आहे. कागदोपत्री तिचं नाव मोनिका, ‘गोव्याच्या किनाऱ्याची’.

५ फेब्रुवारी

मोनिकाची बाजू आज कागदावर उतरवली.

मोनिका भारतातून नेलेली गुलाम स्त्री. पुढे मुक्त झाली. डच कप्तान हेंड्रिक लीव्हेन्सपासून झालेली तिची मुलगी मारिया लीव्हेन्स. मारियाचं लग्न डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आड्रियान फान डर स्टेल याच्याशी झालं. मॉरिशसचा कारभार हाती घ्यायला आड्रियान निघाला तेव्हा मारिया गरोदर होती. १४ ऑक्टोबर १६३९ रोजी जहाजावरच, मॉरिशसजवळ, सिमॉन जन्मला. आड्रियानने मॉरिशसला जावाहून ऊस आणि हरणं नेली. पुढे १६४६ मध्ये तो सिलोनमध्ये मारला गेला.

मोनिकाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं : ‘गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका’ आणि ‘मोनिका दा कोस्टा’. पोर्तुगीजमध्ये कोस्टा म्हणजे किनाराच. गोव्यात आजही हे आडनाव घरोघरी आहे, म्हणून तिला चटकन आपली म्हणावंसं वाटतं. मी मोह आवरला. गोवा तेव्हा गुलामांचा मोठा बाजार होता; बंगालपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंतची माणसं तिथं विकली जात. नावापुढचं गाव हे विकलं गेल्याचं ठिकाण असू शकतं, ते माहेर असेलच असं नाही. म्हणून तक्त्यात ‘गोव्याहून’ एवढंच लिहिलं.

९ फेब्रुवारी

इथल्या वंशावळकारांची क्रमांक देण्याची एक पद्धत आहे, डी व्हिलियर्स आणि पामा यांच्या नावाने ओळखली जाणारी. प्रत्येक पिढीला एक अक्षर आणि त्यापुढे अपत्याचा क्रमांक. मूळपुरुषाचं अक्षर पहिलं, मुलांचं दुसरं, नातवंडांचं तिसरं. अक्षरांची साखळी वाचली की माणूस कोणाचा कोण ते लगेच कळतं. आपल्या कुलवृत्तांतातही मूळपुरुषापासून पिढ्या अशाच मोजत येतात, त्यामुळे हात लगेच बसला.

नावांची रीतही ओळखीची निघाली. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या आमच्या घरातही तीच दोन नावं आलटूनपालटून येतात आणि जुन्या दस्तात नेमका कोण सही करतोय हे कळायला घाम फुटतो. इथं, पुढे या मळ्याचे धारक झालेल्या क्लूटी घराण्यातल्या याकोब आणि हेंड्रिक यांनी तोच घाम फोडला.

अडचण वेगळीच आहे. साखळी चालते मूळपुरुषापासून. मोनिकाला त्यात अक्षरच नाही. ती मूळपुरुषाची सासू. कॉन्स्टॅन्शियाच्या पहिल्या धारकाची आजी, आणि क्रमांकाच्या बाहेर. आमचा कुलवृत्तांत सोबत आणला आहे तो काढून पाहिला. माझ्या सासऱ्यांच्या आजीपुढे लग्नानंतरचं नाव आहे. माहेरचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही.

मी क्रमांक मोडीत काढायचं ठरवलं. तक्त्याच्या मुळाशी माणूस नसेल, जमीन असेल, आणि ती ज्यांच्या हातून गेली ते सगळे, पुरुष असोत वा बायका, एकाच ठळकपणाने येतील.

१३ फेब्रुवारी

तक्त्याचा नमुना ठरला. आपला सातबाराच. सातच्या बाजूला भोगवटादार, क्षेत्र, आणि ‘कूळ व इतर हक्क’. बाराच्या बाजूला पीक. डाव्या कडेला फेरफार क्रमांक.

मुलगा म्हणाला, “आई, परक्या देशाची जमीन आपल्या नमुन्यात कशाला कोंबतेस?” त्याचं म्हणणं मी टाकून दिलेलं नाही. पण या नमुन्यात एक रकाना आहे जो इथल्या सनदांत नाही : जमीन कसतो कोण. आयुष्यभर मी पाहिलं, मालकाचं नाव कधी गळत नाही, कुळाचं गळतं. कॉन्स्टॅन्शियासाठी तो रकाना भरायचाच.

१६ फेब्रुवारी

क्षेत्राचं गणित. सनदेत ८९१ मॉर्गन. एक मॉर्गन म्हणजे सुमारे ०.८५६ हेक्टर. म्हणजे ७६३ हेक्टर, साधारण १,८८५ एकर. कोकणात दीड-दोन गुंठ्यांसाठी भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहिलेले पाहणाऱ्या बाईला हा आकडा दोनदा मोजावा लागला.

सनद दिली हेंड्रिक आड्रियान फान रेड याने, १३ जुलै १६८५ रोजी. हा कंपनीचा तपासणी आयुक्त म्हणून केपला थांबला होता. आधी मलबारचा कमांडर. तिथल्या वनस्पतींवरचा सचित्र ग्रंथ ‘हॉर्टस मलबारिकस’ याचाच. पुढं १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे जाताना मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर वारला आणि सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर आहे. कॉन्स्टॅन्शियाची सनद देणारा हात सुरतेत पुरलेला आहे, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्याच मुक्कामात, त्याच १६८५ साली, त्याने आणखी एक हुकूम काढला : मुक्त झालेल्या पूर्ण बिगर-युरोपीय रक्ताच्या गुलाम स्त्रियांशी युरोपीय पुरुषांनी लग्न करायचं नाही, ज्यांचा बाप युरोपीय, त्यांच्याशी चालेल. म्हणजे मारियाशी चालेल, मोनिकाशी नाही. हा हुकूम काढणाऱ्याच्या समोर बसला होता मोनिकाचा नातू, नव्या जमिनीची वाट पाहत.

तक्त्यात सनद आणि हुकूम एकाखाली एक, एकाच रकान्यात घेतले.

२० फेब्रुवारी

आज फेरफार क्रमांक एकच्याही मागे जावं लागलं. सनद देणाऱ्याकडे जमीन आली कुठून?

१६५२ मध्ये कंपनीचा पहिला कमांडर यान फान रिबेक इथं उतरला तो जहाजांना ताजा भाजीपाला आणि मांस पुरवण्यासाठी. फेब्रुवारी १६५७ मध्ये कंपनीने नऊ नोकरांना मोकळं करून लीसबेक नदीकाठी जमिनी दिल्या. ती खोइखोइ या इथल्या मूळच्या पशुपालक लोकांची कुरणं आणि गुरांची पाणवठ्याची वाट होती. १६५९ मध्ये लढाई जुंपली. १६६० मध्ये तह झाला तेव्हाचं बोलणं फान रिबेकने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. खोइखोइ प्रमुख त्याला विचारत होते की आम्ही हॉलंडला येऊन असंच करू लागलो तर तुम्ही करू द्याल का? आणि गवत दोघांच्या गुरांना पुरत नसेल तर मागं कोणी सरायचं, खऱ्या मालकाने की बाहेरून आलेल्याने? त्यावर त्याचं उत्तर असं की जमीन आता तलवारीने जिंकलेली आहे आणि ती परत मिळणार नाही.

सेवेत असताना हरकतीचे किती अर्ज वाचले असतील! इतकी स्पष्ट हरकत, प्रतिवादीच्याच हस्ताक्षरात नोंदलेली, एकदाही पाहिली नव्हती.

१६७२ मध्ये ‘खरेदीखत’ही करून घेतलं. गोरिंगहाइक्वांचा प्रमुख स्खाखेर याने ४,००० रिआलच्या मालाच्या बदल्यात केपचा मुलूख दिला, असा कागद. प्रत्यक्ष दिला गेला तो दारू, तंबाखू, मणी असला माल, खतातल्या आकड्याच्या एका लहानशा अंशाचा. मुलूख तर आधीच ताब्यात होता.

फेरफार क्रमांक शून्य अशी ओळ वाढवली. भोगवटादार : खोइखोइ, सामाईक. पीक : कुरण.

२२ फेब्रुवारी

किर्स्टनबॉशच्या बागेत सुनेबरोबर गेले. १६६० मध्ये वसाहतीची हद्द आखण्यासाठी, खोइखोइ आणि त्यांची गुरं बाहेर ठेवण्यासाठी, रानबदामाचं कुंपण लावलं होतं. त्यातला तुकडा अजून जिवंत आहे. फांद्या जमिनीवर टेकतात, पुन्हा मूळ धरतात, पुन्हा उठतात. साडेतीनशे वर्षांहून जुनी हद्दीची खूण, आणि ती वाढते आहे. हद्दीचे दगड रातोरात सरकलेले मी पाहिलेत. झाडं लावून घातलेली हद्द सरकवता येत नाही. बराच वेळ तिथं उभी राहिले.

२७ फेब्रुवारी

चूक सापडली, चार दिवसांचं काम पुसलं.

सिमॉन २४ जून १७१२ रोजी वारला. त्यानंतर मिळकतीचे तीन पोटहिस्से झाले : ग्रूट कॉन्स्टॅन्शिया, क्लाइन कॉन्स्टॅन्शिया आणि बर्गफ्लीट. मी क्लाइन कॉन्स्टॅन्शियाचे सगळे धारक आज त्या नावाने चालणाऱ्या मळ्यापुढे लिहून मोकळी झाले. पण अठराव्या शतकातलं क्लाइन कॉन्स्टॅन्शिया म्हणजे आजचं होप ऑप कॉन्स्टॅन्शिया. आजचा क्लाइन कॉन्स्टॅन्शिया एकोणिसाव्या शतकात ग्रूट कॉन्स्टॅन्शियातून फुटलेला वेगळाच पोटहिस्सा आहे. नाव एक, जमिनी दोन. नव्या तलाठ्यांना मी स्वतः सांगत असे की नावावर जाऊ नका, चतुःसीमा वाचा.

दुरुस्ती करताना जे हाती आलं त्यानं चार दिवस भरून पावले. त्या जुन्या क्लाइन कॉन्स्टॅन्शियाची वाइन नावारूपाला आणणारा योहानस कोलाइन. त्याची आई मारिया एव्हर्ट, केपलाच जन्मलेली, गिनीहून आणलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या जोडप्याची मुलगी.

३ मार्च

फान डर स्टेल घराणं इथून पुसलं कसं गेलं ते थोडक्यात. थोरला मुलगा विलेम आड्रियान १६९९ मध्ये बापाच्या जागी गव्हर्नर झाला. त्याने फेरगेलेगन नावाची प्रचंड शेती उभी केली, कंपनीचे गुलाम आणि कंपनीचं साहित्य वापरून. वाइन आणि मांसाचे मक्तेही गोतावळ्यात. गोऱ्या शेतकऱ्यांनी आडाम टास याच्या पुढाकाराने हॉलंडला तक्रार धाडली; टास तुरुंगात गेला, पण १७०७ मध्ये गव्हर्नरच्या बडतर्फीचा हुकूम येऊन थडकला. फेरगेलेगनचे चार तुकडे करून विकले.

त्या तक्रारीत मिश्र वंशाच्या ‘काळ्या’ माणसांबद्दल जळजळीत तिरस्कार आहे. तक्रार योग्यच होती, भ्रष्टाचार खरा होता. तरी तो मजकूर वाचताना मला मोनिका दिसत राहिली. ज्याच्याविरुद्ध अर्ज, तो तिचा पणतू.

८ मार्च

महिला दिनाचं निमित्त साधून लिहीत नाही, ओळच आज लागली.

ग्रूट कॉन्स्टॅन्शिया १७१६ मध्ये ओलोफ बर्गने घेतला. स्वीडिश माणूस, कंपनीचा कप्तान. या गृहस्थाचाही गोव्याशी संबंध आहे, आणि तो काही चांगला नाही : १६८६ मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेलं पोर्तुगीज जहाज ‘नोसा सेन्योरा दुश मिलाग्रेस’ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ फुटलं. सयामचे राजदूत त्यावर होते. त्यातला माल लांबवल्याबद्दल बर्गला कैद झाली. पुढे पुन्हा वर आला.

बर्गची बायको आना द कोनिंग. १७२४ मध्ये तो वारल्यावर ग्रूट कॉन्स्टॅन्शिया तिच्याकडे आला. आणि आनाची आई आँजेला, ‘बंगालची’.

आँजेला १६५७ मध्ये बाताव्हियाहून (आजचं जकार्ता) केपला आणलेली गुलाम. फान रिबेकच्या घरात होती. १६६२ मध्ये तो निघून जाताना तिला आब्राहाम गाबेमाला विकून गेला. १६६६ मध्ये गाबेमाने मुक्त केलं. पुढच्याच वर्षी गावात तिच्या स्वतःच्या नावावर जागेचा तुकडा झाला. १६६९ मध्ये आर्नोल्डस बासॉनशी लग्न. त्यांच्या मुलांपासून बासॉन घराणं सुरू होतं. फान रेडचा हुकूम सोळा वर्षं आधी निघाला असता तर हे घराणंच नसतं.

दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. पहिला धारक, गोव्याहून नेलेल्या गुलाम बाईचा नातू. पुढं त्याच घरात मालकीण म्हणून राहिली ती बंगालहून नेलेल्या गुलाम बाईची मुलगी. गोऱ्यांच्या वसाहतीची ही सगळ्यांत नावाजलेली मिळकत, आणि तिच्या पहिल्या पन्नास वर्षांच्या फेरफारांवर आपल्या दोन किनाऱ्यांची सावली. वंशावळीच्या पुस्तकात बर्ग येतो, बासॉन येतो. आँजेला येते ती ‘यांची पत्नी’ म्हणून.

संध्याकाळी पुण्याला चुलत नणंदेला फोन केला. सासऱ्यांच्या आजीचं माहेर विचारलं. म्हणाल्या, “वहिनी, तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंस. तरी बघते.”

१२ मार्च

शेजारच्या बाई आफ्रिकान्स वाचून दाखवायला येतात. सत्तरी ओलांडली आहे. त्यांचं आडनाव म्हणजे वर्षातल्या एका महिन्याचं नाव. इथं अशी आडनावं पुष्कळ. मालक गुलामाला महिन्याचं नाव देत आणि तेच पुढं आडनाव झालं. त्या सहज सांगून गेल्या. मी मात्र पेन खाली ठेवलं.

१५ मार्च

रोलंड स्ट्रीटवरचं अभिलेखागार. इथं पूर्वी तुरुंग होता. वाचनकक्षात पेन्सिलच चालते, हे बरं वाटलं.

मृतांच्या मिळकतीच्या याद्या पाहिल्या. कंपनीच्या काळात कोणी वारलं की अनाथांच्या मिळकतीचं खातं घरातली एकेक वस्तू मोजून यादी करी. खोलीमागून खोली : पलंग, आरसे, चिनी मातीची भांडी. मग तळघर, पिंपं. मग गुरं. आणि त्या यादीत माणसं. नाव, आणि पुढं मुलूख : बंगालचा, मलबारचा, किनाऱ्याचा, मादागास्करचा, बुगिसचा. बापाचं नाव नाही, वय क्वचित.

आना द कोनिंगच्या घरातही गुलाम होते. तिची आई जशी एके काळी नाव आणि मुलूख एवढीच होती, तसेच. हे लिहायला जड गेलं. ८ तारखेची नोंद लिहिताना मी तिच्यावर खूश होते. ती नोंद खोडत नाही. पण तिच्यासमोरच्या ‘कूळ व इतर हक्क’ या रकान्यात हेही ठळकच लिहिलं.

२१ मार्च

क्लूटी घराणं. तक्त्यात सगळ्यांत जास्त जागा यांनी घेतली, पण मला यांच्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. कागद भरपूर असलेल्यांची काळजी कागद घेतात.

याकोब क्लूटी, कलोनचा, १६५७ च्या सुमारास मोकळ्या झालेल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी. १६९३ मध्ये त्याचा खून झाला. मुलगी एल्स्ये हिच्यापासून इथल्या फान डर मर्व्ह घराण्याचा विस्तार. त्याचा वंशज हेंड्रिक क्लूटी याने १७७८ मध्ये ग्रूट कॉन्स्टॅन्शिया विकत घेतला आणि मोडकळीला आलेला मळा सावरला. १७९१ चं वाइनचं कोठार, त्याच्या कपाळपट्टीवर आंटोन आनराइटने घडवलेली शिल्पं. तिथली गोड वाइन युरोपच्या दरबारांत गेली, सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनलाही जात असे. एकामागून एक हेंड्रिक आणि याकोब. वेलींवरच्या रोगांनी आणि कर्जाने शेवटी घराणं वाकलं. १८८५ मध्ये केप सरकारने जमीन घेतली. १९२५ मध्ये वाडा जळाला, पुन्हा उभारला. आज तिथं संग्रहालय आहे.

२४ मार्च

ग्रूट कॉन्स्टॅन्शियाला जाऊन आले. द्राक्षतोडणी उरकत आली होती. वाड्यापर्यंतची ओकची रांग, पांढऱ्या भिंती, मागं डोंगर, समोर दूर फॉल्स बे. सुंदर आहे, यात वाद नाही. मी कोठाराजवळच्या सावलीत बसून तक्त्यातली बाराची बाजू पुरी केली : कुरण, गुरं, द्राक्षं, द्राक्षं, द्राक्षं.

१ एप्रिल

आपल्याकडचा कृषक दिन. १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई कूळ कायद्याखाली कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. कायद्यातून पळवाटा निघाल्या, कुळं धमकावली गेली, अर्धवट खटले माझ्या वेळेपर्यंत चालू होते; तरी ‘इतर हक्का’तलं नाव भोगवटादाराच्या रकान्यात चढताना मी माझ्या हाताने लिहिलं आहे. घाग, गुरव, कुणबी घरांतली माणसं उतारा कपाळाला लावत.

इथं तो दिवस १ डिसेंबर १८३४ चा. गुलामगिरी कायद्याने संपली. पण आणखी चार वर्षं त्याच मालकाकडे ‘उमेदवारी’ सक्तीची; खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ला. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. कसणाऱ्यांना जमिनीचा गुंठाही नाही.

‘इतर हक्क’ या रकान्यातून वर चढवायला एकही नाव मिळालं नाही.

६ एप्रिल

तक्ता शेजारच्या बाईंना दाखवला. जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा दोन्ही कडा खाली लोंबत होत्या. मोनिका आणि आँजेलाची ओळ मी लाल शाईत घेतली आहे, आणि शून्य क्रमांकाची ओळ सगळ्यांत रुंद.

त्यांनी चष्मा चढवून शांतपणे वाचलं, बोट सरकवत. १९२५ च्या आगीनंतर बोट थांबलं. “आणि आम्ही?” त्यांनी विचारलं.

मग बोलल्या. कॉन्स्टॅन्शियाच्या उतारावर मळ्यांच्या कडेनं त्यांच्या आजोबांची भाजीची आणि फुलांची शेती होती. गुलामांचे वंशज असलेली अशी कितीतरी कुटुंबं तिथं होती, पिढ्यान्पिढ्या. साठच्या दशकात वर्णभेदी सरकारच्या ग्रूप एरियाज कायद्याने कॉन्स्टॅन्शिया फक्त गोऱ्यांसाठी राखीव झालं आणि त्यांना केप फ्लॅट्सच्या रेताड सपाटीवर जावं लागलं. त्या वेळी त्या शाळेत होत्या. आजोबांनी कुदळ-फावडी बरोबर नेली, पण लावायला जागा नव्हती.

१९९४ मध्ये जमीन परत मागण्याचा कायदा झाला. १९९८ अखेर अर्ज करायची मुदत होती. कॉन्स्टॅन्शियातल्या काही कुटुंबांना जमीन परत मिळाली. यांच्या घरच्यांनी पैसे घेतले. “भाऊ थकला होता,” एवढंच म्हणाल्या.

कागदात जागा उरली नव्हती. मी खाली नवा कागद चिकटवला.

९ एप्रिल

चिकटवलेल्या कागदावर बाईंनी स्वतः लिहिलं. आजोबांचं नाव, आजीचं माहेरचं नाव, मुलं वयाच्या क्रमाने, आणि पिकं : कांदा, गाजर, स्वीट पी, डेलिया. क्षेत्र विचारलं तर म्हणाल्या, मोजलेलं नव्हतं, पण आजीची हाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. क्षेत्राच्या रकान्यात तेच लिहिलं.

रात्री पुण्याहून निरोप आला. सासऱ्यांच्या आजीचं माहेर राजापूरजवळचं असावं, आडनाव अजून लागलेलं नाही. नणंदबाई पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार आहेत. देवळाच्या जुन्या वर्गणी वहीत पाहते म्हणाल्या.

१२ एप्रिल

तक्त्याच्या दोन प्रती काढल्या. एक शेजारी दिली. दुसरी गुंडाळून नळीत घातली आहे, उद्या विमानात हातात घेऊन बसणार. मूळ प्रतीत ९ तारखेचा तुकडा डिंकाने चिकटवलेला आहे, तो सुटू नये म्हणून मागून कापडाची पट्टी लावली.